जुन्या टाटा १६१३ चा डिझेल फिल्टर जागचा हलत नाही, काय करावं?

उसाची_गाडी:
टाटा १६१३ ट्रक, कमिन्सचं सिक्स-बीटी इंजिन, बारा व्हॉल्व्हचं, मेकॅनिकल पंप. गाळप हंगामाआधीची सर्व्हिसिंग चालू आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर क्लीनर सगळं उरकलं आणि डिझेल फिल्टरपाशी काम अडलं. एकाच हेडवर, म्हणजे फिल्टर ज्याला लटकतात त्या ठोकळ्यावर, दोन डबे आहेत. पहिला पाणी वेगळं करणारा, खाली ड्रेनचा कॉक असलेला. दुसरा मुख्य फिल्टर. दुसरा हातानं सुटला. पहिला ढिम्म. पट्टा पाना घसरतो. चेन पाना लावला तर डबा चेपला, पण फिरला नाही.

प्रश्न तीन. एक, डबा फोडून काढण्यात हेडला धोका किती? दोन, नवा बसवताना आत डिझेल भरायचं की कोरडाच चढवायचा? यावर प्रत्येक मिस्त्रीचं मत वेगळं. तीन, हेडवरच्या पाइपाचा बँजो बोल्ट (पाइपाचा डोळा धरणारा पोकळ बोल्ट) पाझरतोय, तो आत्ताच सोडावा की आहे तसाच राहू द्यावा?

ढाबेवाला:
आधीचा फिल्टर ज्यानं आवळला त्यालाच शोधून आणा. आवळणाऱ्यानंच सोडवायचा असा नियम पाहिजे.

नटबोल्ट:
उसाची_गाडी, चेन पाना डब्याच्या मध्यावर लावला होता का? चेपला म्हणताय म्हणजे बहुतेक तसंच असणार. डब्याचा पत्रा मध्ये अगदी पातळ असतो. वर हेडला टेकतो तिथे पत्रा दुमडून तळाच्या जाड चकतीवर दाबलेला असतो. जोर तिथे द्यायचा. चेन किंवा पट्टा वरच्या कडेपासून बोटभराच्या आत बसला पाहिजे.

फिल्टर का अडकतो ते आधी लक्षात घ्या, म्हणजे उपाय आपोआप कळेल. हे डबे शक्यतो आट्यांत अडकत नाहीत. आटे सतत डिझेलमध्ये भिजलेले असतात, तिथे गंज येत नाही. अडकते ती रबराची पॅकिंग. बसवताना तिला तेलाचा हात लावला नाही, वर पान्यानं आवळलं, की वर्षभराच्या उष्णतेनं ती हेडच्या तोंडाला चिकटून बसते. म्हणून वरून गंज काढायचा स्प्रे मारून फारसा उपयोग नाही. स्प्रे पॅकिंगच्या बाहेरच थांबतो.

उपयोग होतो गरम पाण्याचा. जुनं फडकं गरम पाण्यात भिजवून डब्याच्या वरच्या भागाला गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं दोन-तीनदा बदला. रबर सैल पडतं. किंवा दुसरा फिल्टर परत चढवून, एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढून इंजिन थोडा वेळ चालवा आणि कोमट असतानाच प्रयत्न करा. मग पट्ट्याखाली जाड एमरी पेपर घाला, खरखरीत बाजू डब्याकडे. घसरणं थांबेल. आधी किंचित आवळायच्या दिशेनं झटका द्या, मग सोडायच्या दिशेनं. पॅकिंगची पकड एकदा तुटली की पुढचे फेरे हातानं होतात.

घाटमाथा:
दिशा तपासलीत ना? हसू नका. फिल्टर खाली लोंबतो, माणूस वरून वाकून काम करतो. खालून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचं, म्हणजे वरून बघणाऱ्याला ते सुलट दिसतं. बॉनेटवर पोट टेकून काम करणारे अनेक जण इथेच चुकतात आणि फिल्टर आणखी आवळून ठेवतात.

उसाची_गाडी:
दिशा बरोबर आहे. चेन मध्यावरच लागली होती. वरच्या कडेला चेनचा हात फिरवायला जागा नाही, बाजूला पाइप आहेत.

सहापदरी:
एवढा विचार कशाला करताय राव. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, हातोड्यानं डब्यातून आरपार घाला आणि हँडलसारखा फिरवा. पाच मिनिटांचं काम.

सुट्या_भागांची_ताई:
सहापदरी, ऑइल फिल्टरला कधीमधी चालतं, इथे नाही. डबा आधीच चेपलाय. स्क्रू ड्रायव्हर घालून जोर दिला की पत्रा कागदासारखा फाटत जाईल आणि डबा हातात येईल, तळाची चकती मात्र हेडलाच चिकटलेली राहील. वर आतलं डिझेल अंगावर. शिवाय खूप वर घातला तर टोक मधल्या नळीच्या आट्यांना लागतं. ती आटेवाली नळी, जिला ॲडॉप्टर म्हणतात, ती खराब झाली की खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो. हेड मिळवणं तर आणखी अवघड, जुन्या गाडीचं हेड प्रत्येक दुकानात नसतं.

उसाची_गाडी, फोडायचाच असेल तर या क्रमानं. आधी खालचा कॉक उघडून डबा पूर्ण रिकामा करा. कॉकच्या जागी पाण्याच्या दिव्याचा सेन्सर असेल तर तो आधी सोडून बाजूला ठेवा, प्लॅस्टिकचा असतो, पहिल्या दणक्यात जातो. मग बोथट छिन्नी घ्या, धारदार नको. तळाच्या चकतीची दुमडलेली कड बाहेरून दिसते, त्या कडेवर छिन्नी तिरकी टेकवा, स्पर्शरेषेच्या दिशेनं, म्हणजे दणका फिरवण्याकडे जाईल, आत घुसण्याकडे नाही. मध्यम हातोडा, छोटे-छोटे दणके. एका जागी खड्डा पडला की थोडं पुढे सरका. चकती किंचित हलली तरी काम झालं.

डबा फाटून निघालाच आणि नुसती चकती राहिली, तरी घाबरू नका. चकतीला मधल्या मोठ्या भोकाभोवती छोट्या भोकांची रांग असते. समोरासमोरच्या दोन भोकांत दोन जाड बोल्ट अडकवा, त्यांच्यामध्ये टॉमी (जाड लोखंडी सळई) आडवी घाला आणि फिरवा. छिन्नीपेक्षा हेच सुरक्षित, कारण हेडच्या तोंडाला काही लागत नाही. त्या तोंडावर ओरखडा पडला तर नवीन फिल्टर कितीही चांगला आणा, पाझरणारच.

सहापदरी:
ठीक आहे ताई, स्क्रू ड्रायव्हर परत खिशात ठेवला.

वाडी_नाका:
कुणी गॅस कटर, ब्लो लॅम्प किंवा ग्राइंडर सुचवण्याआधी लिहून ठेवतो. पॅकिंग गरम करायला ज्योत लावायची नाही. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही ही समजूत आपल्याकडे फार आहे. आपल्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सियस आहे. विदर्भात उन्हाळ्यात गॅरेजच्या पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. म्हणजे सांडलेल्या डिझेलची वाफ ठिणगीनं पेटू शकते. बॅटरीची केबल काढून काम करा, सेल्फच्या मोटरवर आणि अल्टरनेटरवर प्लॅस्टिक टाका, कारण डबा सुटला की डिझेल नेमकं तिथेच ओघळतं.

आणि सांडलेलं डिझेल पाण्यानं रस्त्यावर ढकलू नका. मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. लाकडाचा भुसा टाका, गोळा करा.

प्रेशर_लाइन:
प्रश्न दोनवर येतो. आत डिझेल भरायचं की नाही, यावर भांडण होतं कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असतात.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत भरू नये. तिथे नोझल आणि पंपाचे गाळे इतके बारीक की कॅनमधला कचरा सुद्धा महागात पडतो. तिथे प्रायमिंग पंपानंच भरायचं. तुमच्या मेकॅनिकल पंपाला भरलेलं चालतं, पण कुठून भरता हे महत्त्वाचं. फिल्टरच्या तोंडाकडे बघा. मध्ये आट्यांचं मोठं भोक, भोवती छोटी भोकं. डिझेल छोट्या भोकांतून आत येतं, कागदातून गाळून मधल्या भोकातून बाहेर जातं. मधल्या भोकातून ओतलं की न गाळलेलं डिझेल थेट पंपाच्या बाजूला पोचलं. म्हणून मधलं भोक स्वच्छ बुचानं किंवा अंगठ्यानं बंद करायचं आणि छोट्या भोकांतून सावकाश ओतायचं.

माझं मत विचाराल तर पहिला डबा भरा, दुसरा कोरडा चढवा आणि हातपंपानं भरा. पहिल्यातून जे जाईल ते दुसऱ्यात गाळलं जाणारच आहे. दोन्ही कोरडे चढवले तर फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) घुंडी दाबून दाबून तळहाताला फोड येतात, कारण एका दाबाला जेमतेम काही मिलिलिटर डिझेल सरकतं आणि डब्यात अर्धा लिटरच्या वर मावतं.

चढवताना नवीन पॅकिंगला स्वच्छ इंजिन ऑइल किंवा डिझेलचा हात लावा. ग्रीस नको, शेलॅक (लाखेचा चिकट लेप) तर अजिबात नको. हेडला पॅकिंग टेकेपर्यंत हातानं, मग अर्धा ते पाऊण फेरा, तोही हातानं. डब्यावर सूचना छापलेली असते, त्यात वेगळं असेल तर तसं करा. पान्यानं आवळायचं नाही. आज पाना लावला की पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा.

घाटमाथा:
+१. पॅकिंगला शेलॅक लावणारे मिस्त्री अजून आहेत. शेलॅक सुकलं की फिल्टर आणि हेड एकजीव.

नटबोल्ट:
प्रेशर_लाइन यांनी लिहिलंय त्यात भर. जुना डबा निघाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघा, पॅकिंग त्याच्यासोबत आली का. नसेल तर ती हेडवरच आहे. जुनी, काळी, चपटी झालेली पॅकिंग हेडचाच भाग वाटते. तिच्यावर नवा फिल्टर चढला की दोन पॅकिंगा एकावर एक, आणि गाडी घाटात उभी.

बोलेरो_पिकअप:
माझ्या पिकअपचाही फिल्टर बदलायचाय. सीआरडीई इंजिन आहे. हेच सगळं करू का?

ढाबेवाला:
करा की, छिन्नीपासून सुरुवात करा.

प्रेशर_लाइन:
बोलेरो_पिकअप, ढाबेवाल्यांचं ऐकू नका. तुमची गाडी कॉमन रेल आहे. नोझलचे नट ढिले करून एअर काढायची जुनी पद्धत तिथे चालत नाही. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

फोंड्याचा_टिपर:
नमस्कार, गोव्यातून. उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल एक मुद्दा राहिला. आमच्याकडे २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१८ मध्ये परत, तेव्हा टिपर महिनोन् महिने उभे होते. उसाची गाडी पावसाळाभर उभी असते, तिचंही तेच. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी टाकीच्या भिंतीवर जमतं आणि तळाशी बसतं. पाणी डिझेलपेक्षा जड. ते पहिल्या डब्यात येतं, तिथे पत्रा आतून गंजतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळसर शेवाळासारखा चिकटा तयार होतो. जिवाणू आणि बुरशी असते ती.

म्हणून नवा फिल्टर चढवण्याआधी टाकीचा ड्रेन प्लग काढा आणि खाली पांढरा डबा धरा. आधी पाणी येईल, मग गाळ, मग डिझेल. स्वच्छ धार येईपर्यंत सोडा. टाकीच्या सक्शन पाइपला जाळी असेल तर ती काढून धुवा. फीड पंपाला स्वतःची जाळी असते, तीही. या दोन जाळ्या न बघता फिल्टर बदलणं म्हणजे तोंड न धुता नुसता चष्मा पुसण्यासारखं. एक जादा फिल्टर गाडीत ठेवा, कारण टाकी हलली की पहिल्या आठवड्यात गाळ वर येतो.

हंगाम संपल्यावर गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरा. आत हवा कमी म्हणजे पाणी कमी.

वाडी_नाका:
काठोकाठ भरून उभी ठेवली तर रात्री चोर नेतात, ते पण सांगा.

फोंड्याचा_टिपर:
मग झाकणाला कुलूप लावा आणि कुत्रा पाळा. 

मायको_जुना:
ज्यांच्याकडे कमिन्स नाही, टाटाचंच जुनं ६९७ किंवा त्याआधीचं इंजिन आहे, त्यांच्यासाठी. तिथे फेकायचे डबे नसतात. ॲल्युमिनियमचं हेड, त्याखाली दोन बाउल, आत एक कापडी आणि एक कागदी एलिमेंट, म्हणजे गाळणी. बाउल मधल्या बोल्टवर धरलेला असतो.

इथे अडकतो तो बोल्ट. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये, वर कोकणातली खारी हवा, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी धरते. इथे मात्र गंज काढायचा स्प्रे उपयोगी, रात्रभर मुरू द्या. सहा कोनी गोटी वापरा, बारा कोनी नको, ती डोकं गोल करते. बोल्टच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून दोन-चार दणके द्या, आटे सुटतात. मग किंचित आवळून सोडा. लांब पाइप घालून ओढू नका, ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात.

बाउल निघाला की आत काय कसं होतं ते बघून ठेवा. एलिमेंटच्या खाली स्प्रिंग आणि तबकडी असेल तर ती तळाच्या गाळात चिकटून राहते आणि पुष्कळदा गाळाबरोबर फेकली जाते. स्प्रिंग नसली की एलिमेंट वर नीट टेकत नाही आणि डिझेल न गाळताच बाजूनं पंपात जातं. गाडी छान चालते, सहा महिन्यांनी इंजेक्शन पंपाचे दट्टे जातात. बाउलची जाड रबरी रिंग हेडच्या खाचेत बसते. ती सुईनं उकरू नका, बांबूच्या कामटीनं काढा.

आणखी एक. दोन्ही एलिमेंट एकाच वेळी बदलू नयेत असा जुन्या मिस्त्रींचा रिवाज आहे. आधी कापडी, पुढच्या वेळी कागदी. एक तरी मुरलेला, नीट बसलेला राहतो.

सुट्या_भागांची_ताई:
मायको_जुना, हा रिवाज ट्रॅक्टरवाल्यांकडे जास्त आहे. बाउल उघडताना कचरा आत पडण्याची भीती हे त्यामागचं कारण. पण टाकीत पाणी शिरलेलं असेल तर दोन्ही बदलावेच लागतात. तिथे रिवाज सोडा.

मायको_जुना:
पाणी शिरलं असेल तर मान्य. एरवी नाही.

उसाची_गाडी:
डबा निघाला! गरम पाण्याचं फडकं लावून पट्टा वरच्या कडेला घेतला, तरी पट्टा बसेना. शेवटी ताईंनी सांगितलं तशी बोथट छिन्नी कडेवर. चौथ्या-पाचव्या दणक्याला चकती हलली. नटबोल्ट यांचं खरं निघालं, हेडवर आधीची एक पॅकिंग शिल्लकच होती. पण नवा घोटाळा. मधली आटेवाली नळी जुन्या फिल्टरबरोबर हेडमधून सुटून आली. ती फिल्टरमध्ये घट्ट आहे.

सुट्या_भागांची_ताई:
घोटाळा नाही, हे बरंच होतं. नळी वाकडी झाली नसेल तर परत वापरता येते. फिल्टर व्हाइसमध्ये धरा, तो फेकायचाच आहे. नळीला पाइप पाना किंवा पक्कड लावू नका, आटे जातील. हेडमध्ये जाणाऱ्या टोकावर त्याच मापाचे दोन नट चढवा, एकमेकांवर आवळा, मग खालच्या नटाला पाना लावून नळी सोडवा. ते माप मिळालं नाही तर फिल्टरचा पत्रा कापून काढा आणि चकती व्हाइसमध्ये उभी धरून आतून छिन्नीनं चकतीच फोडा. नळी वाचवायची, चकती नाही.

हेडमधले आटे डिझेलनं धुवा, हवेनं फुंका, पण हवा मारताना हेडच्या आतल्या बाजूच्या भोकात फडकं धरा. नळीचं हेडकडचं टोक कोरडं करून त्यावर मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) दोन थेंब. आतल्या टोकाला नको, बाहेरच्या आट्यांवर, नाहीतर डिझेलमध्ये जाईल. टेफ्लॉन टेप कधीही नको, तिचे तुकडे सुटून थेट पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नळी पूर्ण बसली की आधीच्या बरोबर तेवढीच बाहेर दिसली पाहिजे. दुसऱ्या डब्याच्या नळीशी ताडून बघा.

आणि नवीन फिल्टर हातानं नळीवर फिरवून बघा, हेडला लावायच्या आधीच. दिसायला सारखे पण आटे वेगळे असे डबे बाजारात असतात. दोन फेरे अडतो, पुढे पाना लावून ढकलला जातो, आणि तुमचा मूळ प्रश्न तयार होतो. डुप्लिकेट फिल्टरची ओळख म्हणजे पॅकिंग खाचेत सैल पडते, तोंडाच्या चकतीची कड हाताला बोचते, आतल्या कागदाच्या घड्या असमान दिसतात.

सहापदरी:
वाचनखूण साठवली.

प्रेशर_लाइन:
आता बँजो बोल्ट. आत्ताच करा, कारण एअर काढायचीच आहे. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वायसर असतात, पाइपाच्या डोळ्याच्या वर एक आणि खाली एक. नवे घाला. नवे नसतील तर जुने मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या वायसरला हे करू नका. हे काम गाडीपासून लांब, चहाच्या स्टोव्हवर.

एअर काढायचा क्रम टाकीकडून पंपाकडे. फीड पंपाची घुंडी फिरवून सोडा. पहिल्या डब्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे ढिला करा, घुंडी मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा डबा, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. शेवटी घुंडी दाबून परत आवळा. ती उघडी राहिली तर तिथूनच हवा शिरते.

घुंडीला काहीच दाब लागत नसेल तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. ज्यांच्या गाडीला हातपट्टीचा डायफ्राम पंप आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, कॅमचा उंचवटा पंपाला दाबून बसला असेल तर पट्टी नुसतीच हलते, पंप करत नाही. इंजिन थोडं फिरवून परत बघा.

मग नोझलचे दोन-तीन नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा. एका वेळी पंधरा सेकंद, मग एक-दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. डिझेल टपकलं की नट आवळा. नोझलच्या पाइपाजवळ बोट किंवा चेहरा नेऊ नका. मेकॅनिकल पंपातही दाब शेकडो बार असतो, बारीक धार कातडीतून आत घुसते. दिसायला टाचणीएवढी जखम, पण तशी झाली तर मलम लावत बसू नका, लगेच दवाखाना.

घाटमाथा:
आणि स्टॉपची केबल आत ढकललेली आहे ना ते आधी बघा. केबल ओढलेली ठेवून दिवसभर एअर काढणारे लोक आहेत.

सात_बारा:
गाडी सुरू होते, दोन-तीन मिनिटं चालते आणि बंद पडते. परत घुंडी मारली की परत चालते. फिल्टरची पॅकिंग हवा ओढत असणार ना? फिल्टर दोनदा बदलून झाला.

नटबोल्ट:
सात_बारा, फिल्टर फीड पंपाच्या आधी आहे की नंतर, त्यावर आहे. नंतर असेल तर तिथे दाब असतो, साधारण एक-दीड बार. दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. फिल्टर कोरडा असेल तर त्याला दोष देऊ नका. हवा शिरते ती टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये, तिथे ओढ असते. तिथल्या भेगेतून डिझेलचा थेंबही टपकत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. रबरी पाइप क्लिपपाशी चिरलेला, फीड पंपाच्या जाळीच्या वाटीची पॅकिंग, टाकीतल्या सक्शन पाइपाचं वरचं सोल्डर.

शोधायची सोपी पद्धत म्हणजे फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेलचा पाइप घाला आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर मागे जात राहा. थेट कॅनमधून डिझेल ओढू दिलं आणि गाडी बंद पडली नाही, तर दोष टाकीकडच्या पाइपात आहे हे नक्की.

फोंड्याचा_टिपर:
टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक चिखलानं बुजलं तरी हेच होतं. झाकण सैल करून चालवून बघा, पाच पैशांचा खर्च नाही.

सात_बारा:
झाकण सैल केलं. चालू राहिली. भोकात माती आणि मधमाशीचं मेण.

ढाबेवाला:
मधमाशीकडून सर्व्हिसिंगचे पैसे घ्या.

मायको_जुना:
अवांतर: चढावर ओढ कमी झाली की लोक फिल्टरवर येतात. काळा धूर निघत असेल तर आधी एअर क्लीनर आणि नोझल बघा. डिझेल फिल्टर तुंबला की डिझेल कमी पोचतं, मग काळा धूर येत नाही, नुसता दम जातो.

उसाची_गाडी:
नळी दोन नटांनी निघाली, परत बसवली. पहिला डबा बाहेरच्या भोकांतून भरून, दुसरा कोरडा. बँजोचे चारही वायसर नवे. टाकीतून गाळ आला, दोन्ही जाळ्या धुतल्या. इंजिन चालू आहे. पहिल्या डब्याच्या वरच्या कडेला ओल वाटते. आणखी पाव फेरा पान्यानं देऊ का?

सुट्या_भागांची_ताई:
पाना नाही! आधी ती कड कोरडी पुसा, डब्याखाली वर्तमानपत्र पसरा आणि अर्धा तास चालवा. चढवताना ओतलेलं डिझेल बाहेरच्या कडेला राहतंच, तीच ओल असण्याची शक्यता जास्त. कागदावर नवा डाग पडला तर हातानं जेवढा फिरेल तेवढा फिरवा. तरी थांबलं नाही तर काढून हेडचं तोंड नखानं चाचपा, जुन्या पॅकिंगचा तुकडा चिकटलेला असेल. बॉक्सवर तारीख आणि किलोमीटर लिहून कॅबमध्ये ठेवा, आणि रोज सकाळी सेल्फ मारायच्या आधी कॉकमधून पाणी सोडत जा.

उसाची_गाडी:
कागद कोरडा आहे. धन्यवाद ताई, नटबोल्ट, प्रेशर_लाइन आणि बाकी सगळे.

ट्रॅक्टरवाला_भाऊ:
आमच्याकडे सँडविच पद्धतीचा फिल्टर आहे, मधला लांब बोल्ट आणि वर-खाली झाकणं. नवा घातल्यापासून वरून गळतोय.

नटबोल्ट:
वरच्या झाकणाच्या खाचेत जुनी रिंग बसलेली आहे का बघा. त्या फिल्टरला वर एक, खाली एक मोठी रिंग आणि बोल्टभोवती छोटी ओरिंग लागते. नव्या बॉक्समध्ये येतात, पण छोटी ओरिंग बहुतेक जण बॉक्सबरोबर फेकून देतात. बोल्ट जास्त आवळून गळती थांबवू नका, झाकण तडकेल.

चाकण_चौक:
उशिरा आलो. हे सगळं टाटा ४०७ ला पण चालेल का?

मायको_जुना:
४०७ मध्ये सालाप्रमाणे बदल आहेत. बाउल आहे की डबा? फोटो टाका, हेड आणि फीड पंप दोन्ही दिसतील असा.